वरचे बिघडते, आतले नाही

माझे बालपण अष्टमीत गेले. कुंडलिकेच्या पलीकडे रोहे, अलीकडे आम्ही. घरातली तांब्याची घागर आजी सणासुदीला चिंच-मीठ लावून घासायची. घागर लखलखायची आणि पावसाळी हवेत थोड्याच दिवसांत पुन्हा काळवंडायची. ‘‘तांबं आत तसंच असतं रे, वरचं बिघडतं,’’ आजी म्हणायची. हे ‘वरचं’ नेमके काय, हे सांगता यायला विज्ञानाला सत्तर वर्षे लागली.

१८८७ मध्ये जर्मनीत हाइनरिख हर्ट्झ यांना धातूवर पडणाऱ्या अतिनील प्रकाशाचा विद्युत परिणाम प्रथम दिसला. त्याचा अर्थ १९०५ मध्ये आइनस्टाइन यांनी लावला. प्रकाश ठरावीक ऊर्जेच्या पुड्यांनी येतो. एक पुडी इलेक्ट्रॉनला मिळाली, की त्यातली काही सुटण्यात खर्च होते. उरलेली घेऊन तो बाहेर धावतो. म्हणजे दिलेली ऊर्जा ठाऊक असेल आणि बाहेर आलेल्याचा वेग मोजला, तर तो कोणत्या घरातून निघाला ते कळते. प्रत्येक मूलद्रव्याची ही घरे वेगळी.

हिशेब सोपा, मोजणे कठीण. ते स्वीडनमधल्या उप्साला येथे काई सीगबान यांनी साधले. १९५४ मध्ये त्यांच्या गटाने क्ष-किरणांखाली ठेवला होता मिठाचा ताजा फोडलेला खडा! पेणच्या मिठागरांच्या मुलखातल्या मला याची फार गंमत वाटते. पुढे त्याच गटाला दिसले, की शुद्ध तांबे आणि ऑक्सिजनशी संयोग पावलेले तांबे यांच्या रेषा एकाच जागी पडत नाहीत. आजीच्या घागरीचे उत्तर तिथे होते. १९६४ मध्ये छायाचित्रकारांच्या ‘हायपो’त गंधकाच्या दोन निरनिराळ्या रेषा मिळाल्या, आणि मूलद्रव्य कोणत्या स्थितीत आहे तेही वाचता येते, हे पक्के झाले. सीगबान यांना १९८१ चे नोबेल मिळाले. वडील मान्ने सीगबान यांनाही ते १९२४ साठी मिळाले होते.

क्ष-किरण खोलवर शिरतात. पण खोलवरचे इलेक्ट्रॉन वाटेतच धडकून ऊर्जा गमावतात. म्हणून खबर येते ती वरच्या जेमतेम दहा नॅनोमीटरची, केसाच्या जाडीच्या सुमारे दहा हजाराव्या भागाची. त्यासाठी कडक निर्वात पोकळी लागते. हायड्रोजन आणि हेलियम मात्र या पद्धतीला दिसत नाहीत.

महाराष्ट्रात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हे उपकरण आले आणि उत्प्रेरकांच्या अभ्यासात फार उपयोगी पडले. त्याची किंमत मला एका प्रसंगाने कळली. मी नोकरीला होतो त्या कारखान्यात तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करणारा निकेलचा कॅटॅलिस्ट अचानक थंड पडला. रात्रपाळीच्या ऑपरेटरने तापमान चढू दिले, असा ठपका ठेवून त्याला घरी बसवण्याचे ठरले. आम्ही नमुना विरघळवून तपासला. निकेल बरोबर होते, कारण सापडेना. अखेर नमुना पुण्याला गेला. आलेखात १६२ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास गंधकाची रेषा उभी होती. ती सल्फेटची असती, तर १६९ च्या जवळ दिसली असती. ही निकेलला चिकटलेल्या सल्फाइडची होती. मग आम्ही कच्चे तेल तपासले. गंधक त्यातूनच आले होते. एकूण वजनात नगण्य, पण सगळे पृष्ठभागावर जाऊन बसलेले! काम तर पृष्ठभागच करतो.

ऑपरेटर कामावर परतला. कोणी त्याची माफी मागितली नाही, मीही नाही. त्याच्या तपासणीत माझीही सही होती. नमुना विरघळवताना मी पृष्ठभागच पुसून टाकला होता, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. आजीचे वाक्य मी लहानपणी ऐकले होते. ते कामाच्या वेळी आठवायला हवे होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)