बी.सी.जी.चा दुसरा गुण?

प्रत्येक लस एका ठराविक रोगापासून वाचवते, असे आपण वर्गात शिकवतो. गोवराची लस गोवरापासून, क्षयाची क्षयापासून. मग क्षयाची लस घेतलेल्या बाळाला इतर आजारही कमी त्रास देतील, असे होऊ शकेल का? हा प्रश्न नवा नाही.

काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गुरांच्या क्षयाचे जंतू तेरा वर्षे प्रयोगशाळेत वाढवून दुबळे केले. हीच बी.सी.जी. १९२१ साली ती प्रथम एका बाळाला पाजण्यात आली. १९२७ पासून उत्तर स्वीडनमधील डॉक्टर कार्ल नेसलुंड यांनी ती नवजात बाळांना द्यायला सुरुवात केली. लस न मिळालेल्या बाळांच्या मानाने लस मिळालेल्यांमधले मृत्यूचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशच आहे, असे त्यांना आढळले. एवढा फरक केवळ क्षय टळल्यामुळे पडणे शक्य नव्हते. लस इतर रोगांशी झगडण्याचे बळही देत असावी, अशी कल्पना त्यांनी १९३२ साली मांडली.

पण लस मिळालेली आणि न मिळालेली बाळे बाकी सर्व बाबतींत सारखी होती का? न्यूयॉर्कमधील एक अनुभव येथे पाहण्यासारखा आहे. तेथे क्षयरोगी असलेल्या घरांतील मुलांना बी.सी.जी. देत. सुरुवातीला कोणाला लस द्यायची हे डॉक्टर ठरवत. लस दिलेल्या ४४५ मुलांपैकी ३ क्षयाने दगावली, न दिलेल्या ५४५ पैकी १८. पुढे एकाआड एक मूल निवडायचे ठरले. तेव्हा ५६६ पैकी ८ आणि ५२८ पैकी ८ असे आकडे आले. फरक जवळजवळ नाहीसा झाला! लशीला राजी होणारे पालक मुलांची एरवीही अधिक काळजी घेत असणार, आणि त्याचे श्रेय आधी लशीला मिळत होते.

म्हणजे नेसलुंड यांची कल्पना चुकीची होती का? तसेही म्हणता येत नाही. २०१२ साली नेदरलँड्समध्ये मिहाई नेतेआ यांच्या गटाने बी.सी.जी. दिलेल्या निरोगी माणसांच्या रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशी तपासल्या. तीन महिन्यांनंतरही त्या पेशी क्षयाशी संबंध नसलेल्या जंतूंना आणि बुरशीला अधिक जोमाने प्रतिसाद देत होत्या. पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ देशात कमी वजनाच्या बाळांवर चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून तीन चाचण्या झाल्या. जन्मतःच बी.सी.जी. मिळालेल्यांमध्ये पहिल्या महिन्यातील मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी होते. मात्र २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील दोन चाचण्यांत, लशीचा रशियन वाण वापरून, असा फायदा दिसला नाही.

२०२० साली कोविडची साथ आली, तेव्हा बी.सी.जी. देणाऱ्या देशांत मृत्यू कमी आहेत, असे आकडे पुढे आले. आपल्याकडेही अनेकांना त्याने धीर आला. पण देशादेशांत वय, तपासण्या, नोंदी अशा किती गोष्टी वेगळ्या! पाच देशांतील आरोग्य कर्मचाऱ्यांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली आले. बी.सी.जी.मुळे कोविडचा धोका कमी झाला नव्हता.

तेव्हा उत्तर लशीचा वाण, बाळाचे वय, परिस्थिती यांवर अवलंबून असावे. बाळांना होणाऱ्या क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून बी.सी.जी. वाचवते, हा तिचा गुण पक्का आहे. दुसऱ्या गुणाचा शोध चालू आहे. न्यूयॉर्कचे ते चार आकडे फळ्यावर लिहून मुलांना विचारून पाहावे : फरक कशाने पडला?