पंपावरच्या पाण्यानंतर काय झालं?

आजची गोष्ट तुम्हाला बहुतेक माहीत आहे. न दिसणारी, ऐकू न येणारी एक मुलगी, तिची हट्टी शिक्षिका, पंपाचं गार पाणी आणि हातात उमटलेला पहिला शब्द. मराठी रंगभूमीवर ही गोष्ट वि. वा. शिरवाडकरांच्या 'किमयागार'मधून आली. पण त्या पाण्यानंतर काय झालं?

हेलन केलरचं आत्मचरित्र आलं १९०३ साली. विल्यम गिब्सनचं 'द मिरॅकल वर्कर' १९५९ मध्ये ब्रॉडवेवर गेलं. मी दोन्ही पाठोपाठ वाचली. नाटक जिथे संपतं, तिथे पुस्तकाचं जेमतेम चौथं प्रकरण चालू असतं. पुढे अजून १९ प्रकरणं आहेत!

आणखी एक गंमत. जेवणाच्या टेबलावरची ती प्रसिद्ध झटापट हेलनच्या आठवणींमधून आलेली नाही. ती आहे ॲन सलिव्हनच्या पत्रांमध्ये, आणि ही पत्रं त्याच पुस्तकाच्या शेवटच्या भागात छापलीत. म्हणजे एकाच पुस्तकात दोन बाजू आहेत, शिकणारीची आणि शिकवणारीची. गिब्सनने दुसरी उचलली.

नाटकात हेलन जेवताना पाणी फेकते, ॲन तिला ओढत पंपाकडे नेते आणि तिथेच शब्द कळतो. शिस्त लागली की भाषा आली, असं वाटतं. प्रत्यक्षात ती भांडणं आधीची. ५ एप्रिल १८८७ ला दोघी साध्याच पंपाकडे गेल्या होत्या. स्टेजवर दोन तासांत गोष्ट संपवायची म्हणजे असं करावंच लागतं, तक्रार नाही.

पण खरा शोध त्यानंतरच्या काही दिवसांत लागला. हेलनच्या नात्यात सव्वा वर्षाचं एक बाळ होतं. ॲनच्या लक्षात आलं, या बाळाला कोणी धडे देत नाही. सगळे त्याच्याशी नुसतं बोलत राहतात. मग तिने ठरावीक तास बंद केले आणि हेलनच्या हातात बोटांच्या खुणांनी दिवसभर पूर्ण वाक्यं बोलायला लागली. समजो, न समजो. 'विचार' हा शब्द कसा शिकवला? हेलन मणी ओवताना अडली, तेव्हा तिच्या कपाळावर बोट ठेवून.

मी कोड लिहितो, म्हणून माझ्या भाषेत सांगतो: पंप म्हणजे डेमो. टाळ्या डेमोला मिळतात, सिस्टिम चालते ती रोजच्या कामावर.

आपल्याकडे मुंबईत अशा मुलांसाठी हेलन केलर इन्स्टिट्यूट १९७७ साली सुरू झाली. १९९५ च्या अपंगत्व कायद्यात मात्र अंधत्व वेगळं होतं, बहिरेपणा वेगळा. दोन्ही एकत्र असणाऱ्यांचा उल्लेख थेट २०१६ च्या कायद्यात आला. या मुलांच्या शिक्षकांना आपण 'किमयागार' म्हणून हार घातला, की वर्षानुवर्षं शेजारी बसणारा माणूस, त्याचं ट्रेनिंग, त्याचा पगार हे प्रश्न विसरणं सोपं जातं. चमत्काराला कोण पगार देतं?

मूळ इंग्रजी पुस्तक नेटवर फुकट मिळतं. मोबाईलवर उघडा आणि यावेळी मागून, ॲनच्या पत्रांपासून सुरुवात करा. भेटू पुढच्या भागात!