गेमिंग संगणक, पहिला : कमी खर्चात सुट्या भागांची निवड

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक कार्ड, एसएमपीएस (घरची वीज या भागांना लागेल तशी करून देणारा डबा) आणि कॅबिनेट हे भाग वेगवेगळे विकत घेऊन, मुख्यतः खेळांसाठी जोडलेला डेस्कटॉप संगणक. असा संगणक पहिल्यांदाच आणि बेताच्या पैशांत घ्यायचा झाला तर सर्वसाधारण सल्ला एकच मिळतो : निम्मे पैसे ग्राफिक कार्डावर घाला आणि उरलेल्यात बाकीचे बसवा. हा सल्ला जिथे वीज स्थिर असते, अर्थिंग खरोखर जमिनीत गेलेले असते आणि सर्व्हिस सेंटर शहरातच असते तिथला आहे. शहापूरलगत, भातसा नदीच्या काठी, शहापूर–मुरबाड रस्त्यावरच्या सापगावसारख्या गावात यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही. म्हणून या नोंदीचे प्रतिपादन असे, की इथे निवडीचा क्रम विजेपासून सुरू व्हावा. आधी एसएमपीएस आणि यूपीएस, मग पुढे वाढवता येईल असा मदरबोर्ड-प्रोसेसर, आणि ग्राफिक कार्ड सर्वांत शेवटी, वाटल्यास वर्षभराने. खेळाची हौस कमी लेखण्यासाठी हे सुचवलेले नाही. दहावी-बारावीच्या मुलाने साठवलेले पैसे एका पावसाळ्यात जळून जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू आहे.

भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची असते, पण ग्रामीण भागात हा आकडा दिवसभर स्थिर राहत नाही. डीपीपासून, म्हणजे गावच्या रोहित्रापासून, लांबवर गेलेल्या लाइनच्या टोकाशी असलेल्या घरात, शेतीपंप आणि गिरण्या एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज खाली बसते. ज्याला लोक ‘लाइट डीम झाली’ म्हणतात ती ही अवस्था. त्याहून धोक्याची अवस्था उलट दिशेची असते. झाडाची फांदी पडून किंवा सांधा सुटून न्यूट्रल तार तुटली, तर वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांशी जणू ओळीने जोडली जातात आणि ज्या फेजवर भार कमी, त्या घरात २३०ऐवजी ३०० व्होल्टच्याही वर वीज जाऊ शकते. त्यात मे महिन्याच्या अखेरीच्या आणि परतीच्या पावसातल्या दुपारच्या विजा, आणि लाइट जाऊन परत येतानाचा झटका. या सगळ्याला पहिला सामोरा जाणारा भाग म्हणजे एसएमपीएस. तो चांगला असेल तर स्वतः बंद पडून मागचे भाग वाचवतो. हलका असेल तर स्वतः जळताना मदरबोर्ड आणि ग्राफिक कार्डही बरोबर नेतो. हमीच्या अटींत विजेच्या झटक्याने किंवा जळल्याने झालेले नुकसान बहुधा वगळलेले असते. त्यामुळे जळलेल्या बोर्डाचे पैसे परत मिळण्याची आशा धरता येत नाही, आणि एसएमपीएसवर वाचवलेल्या हजार-दोन हजारांचा हिशेब इथेच उलटा होतो.

चांगला एसएमपीएस ओळखायचा कसा? डब्यावरच्या मोठ्या आकड्यावरून मुळीच नाही. स्वस्त कॅबिनेटबरोबर येणाऱ्या अनेक एसएमपीएसवर ४५० वॉट असे लिहिलेले असते. खरे पाहायचे ते बाजूच्या कोष्टकात १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर छापले आहेत ते, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्ही तिथूनच वीज घेतात. तिथे १७ अँपिअर असेल तर १२ गुणिले १७ म्हणजे २०४ वॉट एवढीच खरी ताकद. आता रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर भरात असताना साधारण ७५ वॉट घेतो आणि रेडिऑन आरएक्स ६६०० हे कार्ड १३२ वॉट. पंखे, एसएसडी, यूएसबी यांचा हिशेब धरण्याआधीच बेरीज २०४च्या पुढे गेली. ‘८० प्लस’ हे चिन्ह असले तर २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता तपासलेली असते. पण ते चिन्ह कार्यक्षमतेचे आहे, संरक्षणाचे नाही, हे विक्रेते क्वचितच सांगतात. म्हणून त्याबरोबर अतिव्होल्टेज, अतिप्रवाह आणि शॉर्टसर्किट या तिन्हींपासूनचे संरक्षण माहितीपत्रकात नमूद आहे का ते पाहावे. सापगावच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा शब्द मात्र ‘अॅक्टिव्ह पीएफसी’ आणि त्याच्या शेजारी १०० ते २४० व्होल्टचा पट्टा. असा एसएमपीएस १७० व्होल्टवरही चालू राहतो, म्हणजे डीम लाइटचा बराचसा प्रश्न वेगळ्या स्टॅबिलायझरशिवाय सुटतो. वरच्या बाजूला मात्र त्याला मर्यादा आहे, आणि ती बाजू यूपीएसने सांभाळायची.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॉट यांत गल्लत होते. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा भार पेलतो, १००० व्हीएचा सुमारे ६०० वॉटचा. ग्राफिक कार्ड असलेला बेताचा संगणक मॉनिटरसह खेळताना अडीचशे-तीनशे वॉटपर्यंत जातो, तेव्हा १००० व्हीएचाच घेणे शहाणपणाचे. लाइट गेल्यावर खेळत राहण्यासाठी तो नाही. शांतपणे बंद करण्यापुरती पाच-दहा मिनिटे मिळावीत आणि व्होल्टेज फार चढले तर संगणक लाइनपासून तोडला जावा, एवढेच त्याचे काम. एक अडचण इथे खरी आहे : स्वस्त यूपीएस बॅटरीवर जाताना गुळगुळीत तरंगाऐवजी पायऱ्यांचा तरंग देतात, आणि काही अॅक्टिव्ह पीएफसी एसएमपीएस त्या क्षणी बंद पडतात. दुकानात दोन्ही जोडून, प्लग ओढून पाहण्याचा आग्रह धरावा. घरात आधीच इन्व्हर्टर असेल तर तो ‘यूपीएस मोड’वर ठेवून चालतो का तेही तपासावे. एसएमपीएसमध्ये वीज तुटल्यावर तग धरण्याची मुदत सेकंदाच्या दीड-पावणेदोन शतांशांइतकीच असते, आणि साध्या मोडवरचा इन्व्हर्टर त्याहून उशिरा बदलतो. आणि यांतले काहीही विकत घेण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. तीन भोकांचे सॉकेट असणे म्हणजे अर्थिंग असणे नव्हे.

यावर आक्षेप येणारच, आणि तो रास्त आहे. खेळात दिसणारा फरक ग्राफिक कार्डच करते. एसएमपीएस आणि यूपीएसवर घातलेल्या पैशाने एकही फ्रेम वाढत नाही. मग बेताच्या पैशांत कार्ड हलके पडले तर संगणक कशासाठी घ्यायचा? याचे उत्तर खर्चाच्या वाटणीत नाही, खर्चाच्या टप्प्यांत आहे. अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेतला तर पहिल्या वर्षी कार्डाविना भागते. ऑगस्ट २०२१मध्ये किरकोळ बाजारात आलेला रायझन ५ ५६००जी हे त्याचे चांगले उदाहरण : ६ गाभे, १२ थ्रेड आणि वेगा जातीचे अंगभूत ग्राफिक्स. व्हॅलोरंट किंवा जीटीए ५ सारखे खेळ १०८० पिक्सेलवर, सेटिंग उतरवून, त्यावर सेकंदाला ६० फ्रेमच्या आसपास किंवा वर चालतात. अट एकच, रॅमच्या दोन काड्या हव्यात. डीडीआर४-३२०० ची एक काडी सेकंदाला २५.६ जीबी एवढाच माल वाहते, दोन काड्या ५१.२ जीबी, आणि अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसल्याने त्याचा जीव या आकड्यावरच असतो. १६ जीबीची एक काडी घेण्यापेक्षा ८-८च्या दोन घ्याव्यात. नवख्याने केलेल्या असेंबलीत हीच चूक वारंवार आढळते. ५६००जीला एक किंमत मोजावी लागते, ती लपवू नये. त्याची एल३ कॅशे ५६००च्या निम्मी, १६ एमबी आहे आणि तो पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्याच पिढीवर चालतो, त्यामुळे पुढे मोठे कार्ड लावल्यावर तो ५६००पेक्षा थोडा मागे पडतो. तरीही टप्प्याटप्प्याने घेणाऱ्यासाठी हा सौदा फायद्याचा आहे.

हीच तिसरी पिढी कार्ड निवडताना पुन्हा आडवी येते. जानेवारी २०२२मध्ये आलेले आरएक्स ६५०० एक्सटी पीसीआय एक्सप्रेसच्या फक्त ४ मार्गिका वापरते आणि त्याची मेमरी ४ जीबी आहे. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर मेमरी भरली की ते अडखळू लागते. आरएक्स ६६०० ला ८ मार्गिका आणि ८ जीबी असल्याने तिथे नुकसान किरकोळ होते. म्हणजे स्वस्त कार्ड नेहमी स्वस्त पडते असे नाही. मदरबोर्डवर प्रोसेसर ज्यात बसतो त्या सॉकेटचेही तसेच. एएम४ हे सॉकेट २०१६पासूनचे, त्यावर २०२४मध्येही नवे प्रोसेसर आले, पण पुढची झेप त्यावर होणार नाही. सप्टेंबर २०२२चे एएम५ फक्त डीडीआर५ घेते, सुरुवातीला महाग पडते, पण चार वर्षांनी बोर्ड न बदलता प्रोसेसर बदलण्याची शक्यता राखते. ज्याला एकदाच खर्च करून थांबायचे आहे त्याने एएम४ घ्यावे, ज्याला कमावते झाल्यावर वाढवायचे आहे त्याने एएम५चा विचार करावा. किमती या नोंदीत मुद्दाम दिलेल्या नाहीत. २०२५च्या उत्तरार्धात एआय सर्व्हरच्या मागणीमुळे रॅमचे भाव असे चढले, की त्याआधी केलेली प्रत्येक यादी निरुपयोगी ठरली.

दुसरा आक्षेप जुन्या मालाचा. कार्यालयांतून निघालेले ब्रँडेड संगणक स्वस्तात मिळतात, त्यात एक कार्ड टाकले की झाले, असे म्हटले जाते. पण विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीखालचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडता, अधिकृतपणे स्वीकारत नाही. व्हॅलोरंट विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो. शिवाय अशा अनेक संगणकांचा एसएमपीएस वेगळ्या मापाचा आणि वेगळ्या पिनांचा असतो, म्हणजे ज्या भागाला आपण पहिले स्थान दिले तोच बदलता येत नाही. आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा संगणक मिळाला आणि आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबी आवृत्तीसारखे, वेगळी वायर न लागणारे ७० वॉटचे कार्ड लावले, तर मात्र ही वाट वाईट नाही. सुटी जुनी कार्डे घेताना सावध राहावे : सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाने मायनिंग बंद केल्यावर वर्षानुवर्षे अखंड चाललेली कार्डे बाजारात आली, आणि त्यांतली काही अजून हातोहात फिरत आहेत. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, तेव्हा यूपीएसचा खर्च वाचतो, हा युक्तिवाद बरोबर आहे. ज्याला कल्याण-ठाण्याला वसतिगृहात जायचे आहे त्याच्यासाठी लॅपटॉपच योग्य. मात्र त्यातले कार्ड सहसा बदलता येत नाही.

उकाडा आणि धूळ यांबद्दल थोडक्यात. पत्र्याच्या घरात एप्रिल-मेची दुपार असेल तर पुढे जाळी आणि दोन पंखे असलेले कॅबिनेट घ्यावे. काचेच्या बंद तोंडाचे, दिव्यांचे कॅबिनेट टाळावे. जाळी पाली-झुरळांनाही रोखते. आणि विजेचीच आणखी एक गोष्ट : बायोस अपडेट यूपीएसशिवाय करू नये, मध्येच लाइट गेली तर बोर्ड कायमचा बंद पडू शकतो.

खरेदीसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा सर्वांत मोठा पर्याय. आसनगावहून लोकलने दादर आणि तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. भाव तिथे उतरतात, पण बिघडलेला भाग घेऊन तोच प्रवास पुन्हा करावा लागतो, याची किंमत आधीच मनात धरावी. कल्याणचे दुकान पाचशे रुपये जास्त घेत असेल आणि हमीचा माल स्वतः पाठवत असेल, तर सापगावकराला तेच परवडते. प्रोसेसर खोक्यातलाच घ्यावा, कारण सुट्या ‘ट्रे’ प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची हमी सहसा मिळत नाही. बिल जीएसटीसह, प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहिलेले मागावे आणि सगळी खोकी हमी संपेपर्यंत माळ्यावर ठेवावीत.