वत्सगुल्माचे वाकाटक : वंशरेषा आणि वंशवृक्ष

राजकुळाची वंशावळ वृक्षरूपाने चितारण्याची प्रथा युरोपात प्रबोधनकाळी विशेष भरभराटीस आली. सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याच्यासाठी ड्यूरर व त्याच्या सहकाऱ्यांनी १५१५ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘विजयकमानी’च्या भव्य काष्ठमुद्राचित्रात मध्यभागी असाच वंशवृक्ष असून त्याची मुळे थेट ट्रॉय नगरीपर्यंत नेली आहेत. वंशवृक्ष हा वंशाचा आलेख असतो, तसाच तो सत्तेचा दावाही असतो, हे यावरून ध्यानात येते. वाकाटकांच्या ज्या शाखेने वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथून इ. स.च्या ४ थ्या व ५ व्या शतकांत राज्य केले, तिच्या वंशावळीचा विचार या दृष्टीने उद्बोधक ठरतो.

या शाखेची विस्तृत वंशावळ अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यातील प्रशस्तीत आहे. हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने हे लेणे करविले. लेख जागोजागी झिजलेला असल्यामुळे ब्यूलर यांनी प्रवरसेनाच्या पुत्राचे नाव रुद्रसेन, तर पौत्राचे पृथिवीषेण असे वाचले. नंदिवर्धनच्या शाखेत हीच नावे असल्याने दोन घराणी एकाच वंशरेषेत गोवली गेली. १९३९ साली वाशीम ताम्रपट उजेडात आला आणि हा भ्रम दूर झाला. वत्सगुल्माहून ३७ व्या राज्यवर्षी दिलेल्या या दानपत्रात प्रवरसेन, त्याचा पुत्र सर्वसेन व पौत्र विंध्यशक्ती असा क्रम स्पष्ट आहे. त्याच्या आधारे वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याच्या लेखातील नावे सर्वसेन व विंध्यसेन अशी निश्चित केली.

ताम्रपटाची भाषाही लक्षणीय आहे. वंशवर्णन संस्कृतात आहे, तर नांदेड परिसरातील ग्रामदानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात. गावकऱ्यांना व अधिकाऱ्यांना कळावयाची आज्ञा एका भाषेत आणि कुळाची प्रतिष्ठा दुसऱ्या भाषेत, अशी ही विभागणी आहे. वंशावळ ही केवळ माहिती नव्हती, हेच तीवरून सूचित होते.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. दोन्ही घराण्यांची दानपत्रे प्रवरसेनापासून खाली येतात. परंतु एक त्याचा पुत्र गौतमीपुत्र याच्याकडे वळते, दुसरे सर्वसेनाकडे. आपल्या वंशावळीत कोणीही दुसऱ्या शाखेस स्थान देत नाही. प्रत्येक लेख एकच सरळ रेषा आखतो. ‘मुख्य शाखा’ आणि ‘वत्सगुल्म शाखा’ असा दुभंगलेला वृक्ष आधुनिक संशोधकांनी या रेषा जोडून उभा केला आहे. तो उपयुक्त आहे, यात शंका नाही. मात्र ‘मुख्य’ हे विशेषण आपले आहे. वत्सगुल्मच्या राजसभेने ते कधीच मान्य केले नसते.