आकाशांतून आलेला धडा

हल्लीं प्राथमिक शाळेंतल्या मुलाच्या पाठ्यपुस्तकांत जागोजागीं काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला असतो. त्यावर भ्रमणध्वनि धरला कीं चित्र हलूं लागतें, गाणें ऐकूं येतें. तें पाहून पुष्कळ पालकांची अशी समजूत होते कीं, यंत्राच्या साहाय्यानें मुलांस शिकविण्याची ही कल्पना कालपरवांची आहे. वस्तुतः आपल्या देशांत या कल्पनेची फार मोठ्या प्रमाणावर परीक्षा होऊन आज पन्नास वर्षें झालीं. त्या परीक्षेची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

१९६९ सालच्या सप्टेंबरांत भारत सरकारचें अणुशक्ति खातें आणि अमेरिकेची 'नासा' ही संस्था यांच्यामध्यें एक करार झाला. अमेरिकेनें आपला एक उपग्रह वर्षभर भारताला वापरावयास द्यावा, आणि जमिनीवरील सर्व यंत्रें व सर्व कार्यक्रम भारतानें स्वतः तयार करावे, असा तो करार. यामागें डॉ. विक्रम साराभाई यांची दृष्टि होती. शहरापासून आरंभ करून हळूहळू खेड्यांकडे जाण्याऐवजीं दूरचित्रवाणी एकदम दूरच्या खेड्यांतच न्यावी, हा त्यांचा आग्रह. ३० डिसेंबर १९७१ रोजीं ते वारले, आणि प्रयोग पाहण्याचें त्यांच्या नशिबीं आलें नाहीं. पुढें तो अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रानें प्रा. यशपाल यांच्या नेतृत्वाखालीं सिद्धीस नेला. कार्यक्रमाचे व्यवस्थापक होते आपल्या कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस.

एटीएस-६ नांवाचा तो उपग्रह मे १९७४ मध्यें आकाशांत गेला. प्रथम अमेरिकेंतील दुर्गम भागांचें काम करून तो पूर्व आफ्रिकेच्या वर, सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर, आणून ठेवण्यांत आला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ हें त्याचें आपल्याकडील वर्ष. आंध्र, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेडीं निवडण्यांत आलीं. महाराष्ट्र त्यांत नव्हता. परंतु सोलापूरला लागून असलेले विजापूर व गुलबर्गा हे जिल्हे होते, आणि मुलांच्या विज्ञानविषयक कार्यक्रमांपैकीं बरेचसे आपल्या मुंबईंतच तयार झाले.

खेड्यांतील ती मांडणी मोठी पाहण्याजोगी. बहुधा शाळेच्या इमारतींतच संच ठेवीत, आणि बाहेर सुमारें तीन मीटर व्यासाची एक तबकडी आकाशाकडे तोंड करून उभी असे. ती कशाची केलेली? खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची! छत्तीस हजार किलोमीटरांवरून आलेला क्षीण संदेश त्या जाळींत झेलला जाई. जेथें वीज नव्हती अशा कांहीं गांवांत संच बॅटरीवर चाले. आणखी एक युक्ति होती. चित्र एकच, परंतु त्याबरोबर ध्वनि दोन पाठवितां येत. त्यामुळें तेंच चित्र एका गांवांत तेलुगु बोले आणि दुसऱ्या गांवांत कानडी.

सकाळचा दीड तास शाळांसाठीं असे. हिंदी, ओरिया, तेलुगु व कानडी अशा चार भाषांना प्रत्येकीं साडेबावीस मिनिटें, आणि प्रेक्षक म्हणजे ५ ते १२ वर्षांचीं मुलें. माझ्यासारख्या मास्तराचें मन येथें थबकतें. ज्याला बाराखडी येत नाहीं तें पोर आणि जें त्रैराशिक मांडतें तें पोर, दोघेंही एकाच साडेबावीस मिनिटांसमोर बसणार. वर्गांत एखादें मूल खिडकीबाहेर पाहूं लागलें तर गुरुजी थांबतात, प्रश्न विचारतात, प्रसंगीं तोच भाग पुन्हा सांगतात. उपग्रहाला थांबवितां येत नाहीं. शिवाय भाषेचाही प्रश्न होता. बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान यांना मिळून एकच हिंदी; पण दरभंग्याच्या मुलाची घरची बोली मैथिली, रायपूरच्या मुलाची छत्तीसगढी. संबळपूरच्या पोराला कटकची ओरिया कितपत आपली वाटली असेल? सहा राज्यांचे अभ्यासक्रम निरनिराळे, म्हणून कार्यक्रम पाठ्यपुस्तकाला जोडणें अशक्य होतें. मुलांचें कुतूहल वाढवावें एवढाच हेतु कर्त्यांनीं ठेवला. तो शहाणपणाचाच होता असें मला वाटतें. ज्यानें आगगाडी पाहिलेली नाहीं त्याच्यापुढें समुद्र हलतां-डुलतां उभा करणें, हें खडूला साधणारें काम नव्हे.

पण या प्रयोगांतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग मुलांचा नाहीं, गुरुजींचा आहे. ऑक्टोबर १९७५ मध्यें सुटीच्या दिवसांत प्राथमिक शिक्षकांसाठीं विज्ञान-अध्यापनाचा बारा दिवसांचा वर्ग या उपग्रहावरून चालविण्यांत आला, आणि पुढील उन्हाळ्यांत तो पुन्हा झाला. दोन्ही मिळून सुमारें ५०,००० शिक्षकांनीं त्याचा लाभ घेतला. केवळ पडद्याकडे पाहत बसणें त्यांत नव्हतें. पडद्यावरील पाठाला नभोवाणीची व छापील साहित्याची जोड होती. नंतर शिक्षकांनीं गटांत बसून चर्चा करावयाची आणि हाताशीं असलेल्या साध्या वस्तूंनीं प्रयोग स्वतः करून पाहावयाचे. प्रशिक्षण-विद्यालयांतून एवढ्या शिक्षकांना इतक्या थोड्या दिवसांत शिकवावयाचें म्हटलें असतें, तर किती वर्षें लागलीं असतीं याचा हिशेब श्रोत्यांनींच करावा.

फळ काय मिळालें? समाजशास्त्रज्ञांनीं याची कसून पाहणी केली. कांहीं अभ्यासक तर गांवांत जाऊन राहिले. मुलांची भाषा सुधारली, नवें जाणून घेण्याची इच्छा वाढली, असें आढळलें. मात्र शाळेच्या विषयांतील गुण म्हणण्यासारखे वाढले नाहींत, आणि हजेरीही वाढली नाहीं. ज्या मुलाला गुरें राखावयास जावें लागे, त्याची गुरें दूरचित्रवाणीनें राखलीं नाहींत.

वर्ष संपलें आणि करारांत ठरल्याप्रमाणें उपग्रह परत गेला. कांहीं भागांत नंतर जमिनीवरील प्रक्षेपणकेंद्रांनीं काम पुढें चालविलें. बाकीच्या गांवांतील तबकड्या रिकाम्या आकाशाकडे पाहत राहिल्या. एक वर्षाचा प्रयोग म्हणून तो उत्तमच. पण पहिलींतल्या ज्या पोराला त्या साडेबावीस मिनिटांची गोडी लागली होती, त्याच्या दृष्टीनें ती शाळा दुसरींत जातांच बंद झाली.

ऑगस्ट १९८३ मध्यें इन्सॅट-१बी हा आपला स्वतःचा उपग्रह आकाशांत गेला, आणि शैक्षणिक कार्यक्रमांच्या योजनेंत महाराष्ट्राचाही समावेश झाला. त्यासाठीं १९८४ सालीं पुण्यास 'बालचित्रवाणी' ही संस्था निघाली, आणि मराठी मुलांना मराठींत धडे दिसूं लागले. मी ज्या एका शाळेंत नोकरीस होतों तेथेंही असा संच आला. जडसंग्रह नोंदवहींत त्याची नोंद झाली, आणि मोडला तर भरपाई पगारांतून कापली जाईल या धास्तीनें मुख्याध्यापकांनीं तो कपाटांत घालून कुलूप लावलें. वरून कार्यक्रम येत होते. खालीं किल्ली सापडत नव्हती. अधिकारी तपासणीस आले म्हणजे मात्र संच पुसून टेबलावर ठेवला जाई.

'बालचित्रवाणी' २०१७ सालीं बंद करण्यांत आली. त्यानंतर तीन वर्षें पुरतीं झालीं नाहींत तोंच, मार्च २०२० मध्यें, साथीमुळें राज्यांतील सर्व शाळांना टाळीं लागलीं, आणि पडद्यावरून शिकविल्याखेरीज गत्यंतर उरलें नाहीं. जुलैपासून सह्याद्रि वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठीं 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. बालभारतीच्या पुस्तकांचाच विषय तींत होता, आणि मुलांनीं घरांतल्या वस्तू घेऊन कांहीं करून पाहावें, अशी तिची रीत होती. म्हणजे १९७५ सालीं गुरुजींना जी वाट दाखविली होती तीच. ज्यांच्या घरीं संच नव्हता अशा मुलांना पूर्वीं शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसून पाहतां येत असे. पण साथीच्या त्या दिवसांत शेजाऱ्याचें दार उघडें असेलच असें नव्हतें.