फ्लॅप, चिप आणि माझा सायलेन्सर

बाईकला फ्री-फ्लो सायलेन्सर आणि मोकळा एअर फिल्टर बसवला त्या दिवशी मी भलताच खूश होतो. आवाज एकदम भारी! पण पुढच्याच रविवारी खंबाटकी घाट चढताना कळलं की काहीतरी बिनसलंय. पूर्ण थ्रॉटल दिला की गाडी गुदमरते, सोडला की मागून फट् फट्. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, एफआय आहे, ईसीयू आपोआप अ‍ॅडजस्ट करतो." करतो का खरंच? उत्तर शोधता शोधता थेट १९८० सालात जाऊन पोचलो.

त्या वर्षी कावासाकीने झेड १००० वर फ्युएल इंजेक्शन आणलं. पद्धत बॉशच्या एल-जेट्रॉनिकची, मोटारींत १९७४ पासून असलेली. हवेच्या वाटेतच एक फ्लॅप. इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढा तो कलतो आणि त्यावरून पेट्रोल ठरतं. म्हणजे हवा चक्क मोजलेली! बीएमडब्ल्यूच्या १९८३ च्या के-१०० वरही हाच प्रकार. अशा गाडीचा सायलेन्सर बदलला तर वाढलेली हवा फ्लॅपला निदान कळते तरी.

मग १९८७ मध्ये मास्सिमो बोर्दी या इंजिनिअरची डुकाटी ८५१ आली. सिलिंडर दोनच, पण मोठे. असं इंजिन आचके देत श्वास घेतं. त्यात फ्लॅप फडफडणार, वर वाट अडवणार ते वेगळंच. म्हणून वेबर-मारेल्लीच्या सिस्टिममध्ये फ्लॅपच नाही. थ्रॉटल किती उघडलाय, आरपीएम किती, एवढं बघायचं आणि ईप्रॉम चिपवरच्या तक्त्यातून आकडा उचलायचा. हवेचं तापमान आणि दाब यांची थोडी दुरुस्ती, बस्स. आपल्या भाषेत सांगायचं तर लुकअप टेबल, तेही हार्डकोडेड!

आता गोची बघा. हा तक्ता हवा मोजतच नाही. कारखान्यात एका ठराविक सायलेन्सर आणि फिल्टरनिशी जे जुळवलं, तेच तो घोकत बसतो. त्यामुळे डुकाटीवाले एक्झॉस्टबरोबर चिपही बदलत. पुढे डायनोजेटचा पॉवर कमांडर आला, इंजेक्टरकडे जाणारा पल्स मधेच पकडून लांब-आखूड करणारा. रीट्यूनिंगचा अख्खा धंदा असा उभा राहिला. तरी ८५१ वर रेमंड रोश १९९० मध्ये वर्ल्ड सुपरबाईक विजेता झाला, आणि १९८८ च्या के-१ वरून बीएमडब्ल्यूनेही फ्लॅप काढून टाकला होता. हवा न मोजणारेच जिंकले म्हणायचे.

आपल्याकडे २००७ ची पल्सर २२० डीटीएस-एफआय आठवते? २००९ मध्ये बजाजने तिला चक्क परत कार्बुरेटर लावला! २०२० च्या बीएस-६ नंतर मात्र बहुतेक गाड्यांसाठी तो परतीचा रस्ता बंद झाला.

राहिलं मेकॅनिकचं "आपोआप". एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर एकसारख्या वेगात हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास राखतो. पूर्ण थ्रॉटलला लागतं साधारण १३ ला १, आणि तिथे या साध्या सेन्सरला नीट दिसतच नाही. मग ईसीयू पुन्हा आपला तक्त्यावर! हवा वाढलेली, पेट्रोल जुन्याच हिशोबाचं, इंजिन तापणार. म्हणजे ऑफिसच्या रस्त्यावर मेकॅनिक बरोबर, घाटात चूक.

काल माळ्यावरून जुना सायलेन्सर आणि फिल्टर काढून परत बसवले. शेजारच्या काकांनी स्वतःहून चहाला बोलावलं.