कंपनीचा पैसा, गटाची मशिनं

जमशेटजी टाटांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी निधी काढला, तेव्हा देणं मालकाच्या मनावर होतं. २०१३च्या कंपनी कायद्याने ते बंधन झालं. वर्षाला ५ कोटी नफा कमावणाऱ्या कंपनीने मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करायचे, तेही आसपासच्या गावांना प्राधान्य देऊन.

म्हणून आम्ही शिलाई मशिनांचा अर्ज घेऊन एका कारखान्यात गेलो. साहेबांनी चहा दिला आणि अर्जही परत दिला! २०२१पासून संस्थेला सीएसआर नोंदणी क्रमांक लागतो. आमच्या ठराववहीवर भागत नाही. आता तालुक्यातल्या संस्थेमार्फत अर्ज करतोय. पण अशी मालमत्ता लाभार्थी बचत गटाच्या नावे ठेवता येते, हेही त्याच नियमांत आहे. मशिनं कुणाच्या नावे, हे लिहून मिळेपर्यंत आम्ही सही करणार नाही.